गोचीड, खरूज आणि लाल कोळी : माइट जेवतो कसा आणि पचवतो कसा?



कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या आसपास, म्हणजे कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली या पट्ट्यात, एकाच वर्गात तीन तऱ्हेच्या घरांतली मुलं बसतात. काहींच्या दारात गोठा आहे. काहींच्या घरी ऊस आहे आणि परड्यात वांगी-भेंडी आहे. काही मुलं कंपनीत कामाला आलेल्या आईवडिलांबरोबर भाड्याच्या एका खोलीत राहतात. या तिन्ही घरांना एकाच कुळातले जीव त्रास देतात, पण हे आपल्या लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे प्रत्येकाला वेगळं नाव आहे. गोठ्यात तो गोचीड असतो, वांग्याच्या पानाखाली लाल कोळी असतो आणि खोलीत एका पोरामुळे सगळ्या घराला लागणारा खरजेचा किडा असतो. पहिल्या पावसात मुलं तळहातावर घेऊन येतात तो लाल मखमली मृगाचा किडाही याच कुळातला.

या सगळ्या कुळाला आपण या लेखापुरतं 'माइट' म्हणू. गोचीड हा त्यातला मोठ्या अंगाचा भाऊबंद. प्रश्न एकच आहे : एवढासा जीव खातो कसा, आणि खाल्लेलं पचवतो कसा? हे कळलं की आणखी एक गोष्ट आपोआप कळते. माइटचा आपल्याला होणारा त्रास बहुतेक वेळा त्याच्या चाव्याचा नसतो, त्याच्या पचनाचा असतो. हे एवढं डोक्यात बसलं की गोचीड कसा काढायचा, खरजेचं औषध सगळ्या घराने एकाच दिवशी का लावायचं, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

आधी ओळख

माइट म्हणजे कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात. मोठ्या वाढलेल्या माइटला साधारणपणे आठ पाय असतात, म्हणजे तो कोळी आणि विंचवाच्या गोतावळ्यातला. गंमत म्हणजे अंड्यातून बाहेर येणाऱ्या पिल्लाला सहाच पाय असतात, पुढच्या कातीनंतर आठ होतात. मुलांना पाय मोजायला सांगितले की हमखास वाद होतो. तो होऊ द्यावा.

आकार बघा. पानावरचा लाल कोळी साधारण अर्धा मिलिमीटर. खरजेची मादी त्याहून लहान, 0.3 ते 0.4 मिलिमीटर. रक्त पिऊन फुगलेली मादी गोचीड मात्र एक सेंटिमीटरपर्यंत जाते.

कीटकाचं डोकं, छाती, पोट असे तीन भाग वेगळे दिसतात. माइटमध्ये असं काही नसतं. त्याचे दोनच भाग : पुढे छोटासा मुखभाग आणि मागे सगळं शरीर. आपण ज्याला 'गोचिडाचं डोकं' म्हणतो ते खरं तर डोकं नाहीच. त्यात मेंदू नाही, डोळेही नाहीत. मेंदू मागच्या शरीरात आहे. पुढचा भाग म्हणजे फक्त जेवणाची हत्यारं. आपण नुसता चमचा, सुरी आणि नळी पुढे धरून चालावं, तसं.

हत्यारं पुढे कशी येतात?

मुखभागात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, मुखचिमट्यांची जोडी. दोन, बाजूचे स्पर्शबाहू, जे चाचपून जागा शोधतात. चिमट्यांचं रूप मात्र ज्याच्या-त्याच्या जेवणानुसार बदललेलं असतं. खरजेच्या किड्याचे चिमटे खरोखर चिमट्यासारखे असतात, त्वचेचा वरचा थर कुरतडायला. गोचिडाचे चिमटे टोकाला सुरीसारखे, कातडी कापायला. लाल कोळ्यात ते लांबून सुईसारखे झालेले असतात, पानात खुपसायला.

आता स्नायूंकडे वळू. आपल्या हाताला वाकवणारा स्नायू वेगळा आणि सरळ करणारा वेगळा, हे आपण पाचवी-सहावीत शिकवतो. माइटचे चिमटे मागे ओढणारे स्नायू आहेत, पण पुढे ढकलायला तो दुसरीच युक्ती वापरतो : पाण्याचा दाब. माइटच्या शरीरात हाडं नाहीत. बाहेरून कडक कवच आणि आत रक्तासारखा द्रव. पाठीकडून पोटाकडे उभे जाणारे स्नायू आकुंचन पावले की शरीर दाबलं जातं, आतला द्रव पुढे सरकतो आणि त्या दाबाने चिमटे बाहेर येतात. मग मागे ओढणारे स्नायू त्यांना परत आत घेतात. जेसीबीचा हात तेलाच्या दाबाने पुढे जातो, तेच तत्त्व. आपल्या भागातल्या मुलांना जेसीबी समजावून सांगावा लागत नाही, हा आपला फायदा.

बहुतेक माइटना हृदयही नसतं. हेच शरीराचे स्नायू हलतात, त्यात द्रवही इकडून तिकडे फिरतो आणि पोटातलं अन्नही ढवळलं जातं. एका स्नायूकडून तीन कामं.

घशाचा पंप

मुखभागाच्या मागे घसा असतो, आणि माइटच्या जेवणाचं खरं यंत्र तेच. घशाच्या भिंतीला बाहेरून स्नायूंचे धागे जोडलेले असतात. त्यांचं दुसरं टोक कवचाला आतून चिकटलेलं असतं. हे स्नायू आखडले की भिंत बाहेर ओढली जाते, पोकळी मोठी होते आणि पातळ अन्न आत खेचलं जातं. मग स्नायू सैल पडतात, पोकळी मिटते आणि द्रव मागे ढकलला जातो. मिटवण्यासाठी काही माइटमध्ये वेगळे स्नायू असतात, काहींत भिंतीचा ताठपणाच ते काम करतो.

ड्रॉपरशी तुलना करून बघा. ड्रॉपरमध्ये आपण बोटाने दाबतो आणि रबर स्वतःहून फुगतं. माइटच्या घशात उलटं : जोर लावावा लागतो तो उघडायला. या पुढे-मागे होणाऱ्या लाटेने घोट आत जातो.

घशातून पुढे अरुंद अन्ननलिका लागते, आणि ही नलिका थेट मेंदूच्या मधून आरपार जाते! माइटच्या मज्जासंस्थेचा जवळजवळ सगळा गोळा एकाच ठिकाणी असतो आणि अन्ननलिका त्याला भोक पाडून पलीकडे जाते. अशा वाटेतून मोठा घास कसा जाणार? म्हणून बहुतेक माइट अन्न बाहेरच पातळ करून घेतात. लाळ सोडायची, त्या लाळेतली पाचकद्रव्यं समोरचं अन्न विरघळवतात, आणि मग तो रस पंपाने ओढायचा. आपण घास तोंडात घालून मग लाळ मिसळतो. माइट आधी लाळ घालतो, मग घास घेतो. आणि ती लाळ पडते कुठे? पानात, जनावराच्या कातडीत, आपल्या मुलाच्या बोटांच्या बेचक्यात.

पोटात काय होतं?

अन्ननलिकेनंतर मधलं आतडं. त्याला बाजूला बंद पिशव्या फुटलेल्या असतात, त्यामुळे थोड्या जागेत भरपूर रस साठतो. आतड्याच्या बाहेरून पातळ स्नायूंची जाळी असते, ती रस या पिशवीतून त्या पिशवीत हलवते.

आपल्याकडे पचन होतं ते जठर-आतड्याच्या पोकळीत. माइटमध्ये पचनाचा मोठा भाग पेशींच्या आत होतो. आतड्याच्या भिंतीतल्या पेशी रसाचे थेंब गिळून घेतात आणि आत सावकाश पचवतात. काही पेशी भरल्या की भिंतीपासून सुटून आतड्यात तरंगू लागतात.

शेवटी मलभाग. आपण नको असलेलं नत्र लघवीतून युरियाच्या रूपाने, पाण्याबरोबर टाकतो. गोचीड आणि पुष्कळ माइट ते ग्वानिन नावाच्या पांढऱ्या घट्ट पदार्थाच्या रूपात टाकतात, त्यामुळे पाणी वाचतं. मृगाच्या किड्याच्या कुळात तर आणखी नवल आहे. त्यांचं आतडं मागच्या बाजूला बंदच असतं. घट्ट अन्नाचा मळ बाहेर पडायला वाटच नाही, फक्त उत्सर्जनाची वेगळी नळी बाहेर उघडते. नुसता रस प्यायचा ठरवल्यावर मळ तरी किती होणार?

आता हे सगळं आपल्या दारात आणून बघू.

परड्यातला लाल कोळी

उन्हाळ्यात वांगी, भेंडी, गुलाब यांच्या पानावर बारीक पांढरे-पिवळे ठिपके पडतात. तो रोग वाटतो, पण ते जेवणाच्या ताटाचे डाग आहेत. लाल कोळी पानाच्या खालच्या बाजूला बसून सुया आत घालतो आणि हिरव्या पेशीतला रस हरितद्रव्यासकट ओढून घेतो. रिकामी झालेली जागा म्हणजे तो ठिपका. ठिपके वाढले की पान अन्न तयार करू शकत नाही आणि वाळतं.

याच्या स्पर्शबाहूंतून रेशमासारखा धागा निघतो, म्हणून पानाखाली जाळी दिसते आणि म्हणूनच याचं नाव कोळी. कोरडी, गरम हवा आणि पानावरची धूळ त्याला मानवते. रस्त्याकडेच्या झाडावर तो जास्त दिसतो. घरच्या चार झाडांसाठी पानाखालून पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी बराच फरक पडतो. साधं कीटकनाशक मात्र पुष्कळदा उपयोगी पडत नाही, कारण हा कीटक नाही. उलट, लाल कोळ्याला खाणारे दुसरे चांगले माइट त्यात मरतात. पिकावर फवारायचंच असेल तर कृषी सहायकांना विचारून कोळीनाशकच घ्यावं.

गोठ्यातला गोचीड

गोचीड आधी चिमट्यांनी कातडी कापतो. मग मधली काटेरी पट्टी आत सरकवतो. तिचे काटे मागच्या दिशेला वळलेले असतात, माशाच्या गळासारखे. म्हणून ओढला तरी सुटत नाही. पुष्कळ जातींत लाळेतला एक पदार्थ सिमेंटसारखा घट्टही होतो.

यानंतर पंप सुरू होतो, पण एका दिशेने नाही. थोडं रक्त ओढायचं, मग थोडी लाळ सोडायची, पुन्हा ओढायचं. लाळेत रक्त गोठू न देणारी आणि वेदना कमी करणारी द्रव्यं असतात, म्हणून जनावराला सुरुवातीला कळतही नाही. रक्तातलं जास्तीचं पाणी गोचीड लाळेवाटे परत जनावरातच सोडतो आणि सकस भाग ठेवून घेतो. मादीचं वजन असं करत शंभरपटीच्या घरात वाढतं. मग ती खाली पडते, भेगेत जाते आणि दोन-तीन हजार अंडी घालते.

गोठ्यात रोग पसरतो तो या 'लाळ सोडण्यातून'. गाईंचा थायलेरिया म्हणजे गोचीड ताप, किंवा बबेसिया हे आजार याच वाटेने येतात. माणसांतला माकडतापही गोचिडामुळेच. तो 1957 साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला आणि 2016 मध्ये आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात आढळला.

आता गोचीड काढायची रीत बघा. माणसाच्या अंगावर चिकटला असेल तर टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ, मुखभागाला धरायचं आणि हिसका न देता सरळ वर ओढायचं. पोट दाबायचं नाही, कारण पोट म्हणजे भरलेली पिशवी. ती दाबली तर आतला रस उलटा आपल्या अंगात जाऊ शकतो. रॉकेल टाकणं, उदबत्तीने चटका देणं हेही नको. चिडलेला गोचीड जास्त लाळ सोडू शकतो. काढलेला गोचीड बोटाने चिरडू नये, चिकटपट्टीत बंद करून टाकावा आणि हात साबणाने धुवावेत. नंतर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना गोचिडाची गोष्ट आठवणीने सांगावी. जनावराचं औषध पशुवैद्यकांना विचारूनच, आणि अंगाबरोबर गोठ्याच्या भेगांकडेही लक्ष हवं.

पावसाळ्यात गवतातला आणखी एक भाऊबंद म्हणजे चिगर. मृगाच्या किड्याचा हा जवळचा नातलग. याचं फक्त सहा पायांचं पिल्लू माणसाला चावतं. ते रक्त पीत नाही. त्याच्या लाळेने कातडीतच एक घट्ट नळी तयार होते आणि तिच्यातून ते विरघळलेला रस ओढतं. आपली स्ट्रॉ आपणच समोरच्याच्या अंगात बांधायची! यातूनच स्क्रब टायफस होतो. 2018 मध्ये नागपूर भागात त्याची साथ आली होती. ताप आणि अंगावर काळी खपली असं दिसलं तर घरगुती औषध करत बसू नये, दवाखाना गाठावा.

खोलीतली खरूज

हा भाग पालकांनी शांतपणे वाचावा, कारण यात मुलाच्या मनाचा प्रश्न आहे.

खरजेची मादी त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात बोगदा करते. चिमट्याने कुरतडते, लाळेने विरघळवते, तो रस पिते आणि मागे अंडी व मळ टाकत पुढे जाते. 1687 मध्ये इटलीतल्या बोनोमो यांनी हा किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खरजेचं कारण म्हणून मांडला. तोवर ती शरीरातल्या रसांच्या बिघाडाने होते असं मानलं जाई.

साध्या खरजेत अंगावर सहसा दहा-पंधराच किडे असतात. मग एवढी खाज का? कारण खाज कुरतडण्याची नाही. किड्याची लाळ, मळ आणि अंडी यांच्याविरुद्ध आपलं शरीर जे भांडण काढतं, त्याची ती खाज. हे भांडण सुरू व्हायला पहिल्या वेळी चार ते सहा आठवडे लागू शकतात. यातून तीन गोष्टी निघतात.

एक : ज्याला खाज नाही त्यालाही खरूज असू शकते. म्हणून घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांनी दिलेलं औषध एकाच वेळी लावायचं. एकाने आज आणि दुसऱ्याने पुढच्या रविवारी लावलं की किडा या अंगावरून त्या अंगावर फिरत राहतो. आई दिवसपाळी आणि वडील रात्रपाळी असं असलं तरी एक दिवस ठरवावाच लागतो.

दोन : औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, कारण किडे मेले तरी त्यांचा मळ त्वचेत असतो. 'औषध लागू पडलं नाही' म्हणून मनाने पुन्हा-पुन्हा औषध चोपडू नका, डॉक्टरांना दाखवा.

तीन : खरूज म्हणजे घाणेरडेपणा नव्हे. ती कातडीला कातडी लागून पसरते, आणि एका खोलीत पाच जण झोपत असतील तर ती पसरणारच. रोज आंघोळ करणाऱ्या मुलालाही होते. त्या मुलाला वेगळ्या बाकावर बसवून, सगळ्यांसमोर 'लांब बस' म्हणून काही साधत नाही. औषधाची पहिली मात्रा नीट झाली की, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर, साधारण दुसऱ्या दिवसापासून ते मूल वर्गात बसू शकतं. कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवावं, किंवा पिशवीत काही दिवस बंद ठेवावं. अन्नाशिवाय, अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसच तग धरतो.

गोधडीतला माइट : नियमाला अपवाद

सगळेच माइट रस पीत नाहीत. गादी-गोधडीत राहणारा धुळीतला माइट आपल्या अंगावरून गळणारे त्वचेचे कण खातो, म्हणजे घट्ट अन्न. तो माणसाला चावतच नाही. त्याच्या पोटात अन्नाच्या गोळीभोवती पातळ वेष्टन तयार होतं आणि मळाची गोळी त्या वेष्टनासकट बाहेर पडते. एक माइट दिवसाला अशा साधारण वीस गोळ्या टाकतो. त्यांत त्याची पाचकद्रव्यं असतात. गोधडी झटकली की त्या हवेत उडतात, नाकात जातात, आणि शिंका किंवा दमा सुरू होतो. इथेही तेच : चावा नाही, पचन.

हा माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषतो. म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याची चंगळ. ऊन पडलं की गोधड्या वाळत घालायची आजीची सवय शास्त्राला धरूनच आहे.

वर्गात करून बघा

1. घशाचा पंप : पेप्सीकोलाची रिकामी प्लास्टिकची नळी दोन्ही टोकांना कापा आणि आतून ओली करा. मधल्या भागाला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीचे कान लावा. वरचं टोक चिमटीत दाबून धरा, खालचं रंगीत पाण्यात बुडवा आणि कान बाहेर ओढा. पाणी आत येतं. ओढणारे हात म्हणजे स्नायू.

2. दाबाने पुढे येणारे चिमटे : सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज पाणी भरून नळीने जोडा. एक दाबली की दुसरीचा दांडा बाहेर येतो. त्या दांड्याला रबरबँड बांधा. दाब सोडला की रबर त्याला मागे खेचेल. रबर म्हणजे मागे ओढणारा स्नायू.

3. पानाखालचं जग : ठिपके पडलेलं वांग्याचं पान पांढऱ्या कागदावर झटका आणि भिंगातून हलणारे ठिपके पाहा. पाय मोजा.

गोचीड मात्र मुलांना हाताळायला देऊ नका.

मुलांना विचारायचे प्रश्न

- माइटची अन्ननलिका मेंदूच्या बाहेरून गेली असती, तर त्याचं जेवण बदललं असतं का?
- ड्रॉपर आणि माइटचा घसा यांत जोर कुठे लागतो?
- पानावरचा ठिपका, गाईचा ताप आणि बोटांमधली खाज या तिन्हींत समान काय?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी आपल्या शब्दांत दिलं की हा पाठ पोचला म्हणायचा. आणि एखादं मूल घरी जाऊन म्हणालं, 'आई, औषध आपण सगळ्यांनी आजच लावायचं', तर तो पाठ वर्गाबाहेरही पोचला.